खातं हॅक झालं? आधी ओळखीतला माणूस आठवा

सर्व नाखवा, तांडेल, खलाशी बांधव आणि घर सांभाळणाऱ्या माता-भगिनींनो,

"खातं हॅक झालं" म्हटलं की कुठेतरी लांब बसलेला चोर डोळ्यासमोर येतो. पण पैसा जात नाही, उलट तुमच्या नावाने घाणेरडे मेसेज जातात, मुलीचे फोटो फिरतात, अपरात्री फोन येतात, तेव्हा आधी विचार करा: आपला पासवर्ड कोणाला माहीत आहे?

आपल्या धंद्यात तो दुसऱ्याच्या हातात सहज जातो. बोट दर्यात, कागदपत्रं ऑनलाइन. रिअलक्राफ्टवर बोटीची नोंदणी, परवाना, सगळं भरून देतो शेजारचा शिकलेला मुलगा नाहीतर इंटरनेट सेंटरवाला. ईमेल त्यानेच काढलेला, पासवर्ड त्यालाच पाठ, ओटीपी आपणच वाचून दाखवलेला. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण व्यवहार फिसकटला, लग्नाला नकार मिळाला, की तीच चावी आपल्यावर उलटू शकते.

२००४ चा चेन्नईचा खटला यासाठी माहीत असावा. एका घटस्फोटित बाईच्या नावाने खोटं ईमेल खातं काढून याहूच्या ग्रुपवर अश्लील मजकूर टाकला गेला. तिला नको ते फोन येऊ लागले. फेब्रुवारी २००४ मध्ये तिने तक्रार केली. माणूस निघाला घरच्यांच्या ओळखीचा, तिच्याशी लग्न करू पाहणारा. तो राहायचा मुंबईत. चेन्नई पोलिसांनी त्याला मुंबईत येऊन पकडलं आणि ५ नोव्हेंबर २००४ ला कोर्टाने दोन वर्षं सक्तमजुरी दिली. सायबर कॅफेवाल्यांची साक्षही कामी आली. म्हणजे खोट्या नावाआड लपता येत नाही आणि लांब राहून सुटता येत नाही.

आता आपल्या घरचं बघू. समजा मुलगी शिकायला हैदराबादला, बरकतपुऱ्यात हॉस्टेलवर आहे आणि त्रास देणारा गावातला. तक्रार कुठे करायची? तिने तिथल्याच पोलीस ठाण्यात करावी. हैदराबाद पोलिसांची 'शी टीम' ऑक्टोबर २०१४ पासून बायका-मुलींच्या छळाच्या तक्रारी घेते, नाव गुप्त ठेवते. आईबाप गावच्या ठाण्यात गेले तरी चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा असतो. याला झिरो एफआयआर म्हणतात. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

तक्रारीला जाण्याआधी ही कामं याच क्रमाने करा.

१. पुरावा धरा. मेसेज पुसू नका, लगेच ब्लॉकही करू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. खोट्या प्रोफाइलची लिंक कॉपी करा. मूळ फोन जपून ठेवा.

२. दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला. ईमेल आधी, बाकी नंतर, कारण इतर खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. पासवर्ड परत मिळवण्यासाठी कोणाचा नंबर दिलाय तेही बघा. त्याचा असेल तर काढा.

३. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. अनोळखी कॉम्प्युटर किंवा फोन दिसला तर लॉगआउट करा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. जन्मतारीख किंवा बोटीचा नंबर ठेवू नका, तो सगळ्या बंदराला माहीत असतो.

४. व्हॉट्सॲप हातातून गेलंच असेल तर आपल्या नंबरने पुन्हा लॉगिन करा, आलेला कोड टाका. समोरचा आपोआप बाहेर पडतो. त्याने पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोही तोवर आत राहू शकत नाही.

५. फोनवर ##००२# डायल करा. आपले कॉल कोणी वळवून ठेवले असतील तर ते रद्द होतात.

६. ओळखीच्यांना एकच मेसेज टाका: "माझ्या नावाने काही आलं तर ते माझं नाही."

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०. बाकी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. बाईचा ऑनलाइन पाठलाग करणं, ती कोणाशी काय बोलते यावर नजर ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत.

आता थोडं कडू. ओळखीचा माणूस असला की गावकीत "आपल्यातलाच आहे, मिटवून टाका" होतं. मिटवायचं की नाही हे जिला त्रास झाला तिने ठरवायचं, आणि तेही पुरावा हातात आल्यावर, खातं सुरक्षित झाल्यावर. त्याला मारायला धावू नका, त्याचं खातं फोडायला जाऊ नका, नाहीतर गुन्हा आपल्यावर येतो.

आणि मुलीचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच पोरी गप्प बसतात आणि समोरच्याला तेच हवं असतं. "तुझी चूक नाही, आपण बघू" एवढं बापाने म्हटलं की निम्मं काम झालं.

बोट दर्यात असताना घरी त्रास सुरू झाला तर घरच्या बाईने कोणाची वाट बघत बसू नये. वरची सहा कामं तिला एकटीला करता येतात. ही पोस्ट घरात वाचून दाखवा आणि आज संध्याकाळीच आपले पासवर्ड बदला.