अफूची सवय आणि दवाखान्याची वाट

नागपूरहून जबलपूरला जाताना, शहर येण्यापूर्वी, बरगी हे गाव लागते. जवळच नर्मदेवरील मोठे धरण आहे आणि जलाशयाच्या काठावरील कित्येक वस्त्यांना आजही नावेचाच आधार असतो. अशा वस्तीतील एखाद्या मजुरास अफूची, हेरॉईनची किंवा वेदनाशामक गोळ्यांची सवय जडली, तर त्याने जावे कोठे?

पुष्कळांना वाटते, दहा दिवस शिबिरात डांबून ठेवले की माणूस सुटला. ही समजूत केवळ भाबडी नव्हे, घातकही आहे. नशा थांबताच अंग मोडून येते, नाकडोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. हे दहा दिवस काढता येतात. परंतु तेवढ्यात शरीराची विष पचविण्याची शक्ती ओसरते, तलफ मात्र ओसरत नाही. मग घरी परतून त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून तो दगावतो.

म्हणून आजचे वैद्यक दीर्घकाळचे औषध देते. ब्यूप्रेनॉर्फिन ही जिभेखाली विरघळणारी गोळी. अफूचा अंश मेंदूतील ज्या जागी जाऊन बसतो, तीच जागा ही गोळी अडविते. तलफ भागते, नशा फारशी चढत नाही, आणि मात्रा वाढविली तरी श्वासावरील तिचा परिणाम एका मर्यादेपाशी थांबतो. मधुमेही जसा रोज औषध घेतो, तसाच हा प्रकार. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार, अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनामुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक या देशात आहेत.

गोळी आहे, अडचण वाटेची आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने गर्दच्या विळख्यातील माणसांना मोठा आसरा दिला, पण राहून उपचार घेण्याइतकी सवड शेतमजुराला कोठली? रोज केंद्रावर जाऊन परिचारिकेसमोर गोळी घ्यायची, तर मजुरी बुडते आणि भाडे अंगावर पडते. पंजाबने 2017 पासून सरकारी रुग्णालयांत बाह्यरुग्ण केंद्रे उघडली. 2020 च्या टाळेबंदीत तेथे अनेक दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभाही मिळाली.

बरगीसारख्या गावी याहून फार काही लागणार नाही. प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, कुलूपबंद कपाट, चोख नोंदवही आणि घरी गोळ्या सांभाळणारे एखादे जबाबदार माणूस. औषधवाटप मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी असावे. त्या दिवशी सगळेच गावात येतात, त्यामुळे दवाखान्याची पायरी कोण कशासाठी चढला, याची कोणी चौकशी करीत नाही.