नाशिकहून मोंबासाला गेलेली मुलं

आजचा विषय आहे चर्चच्या स्वयंसेवकांचा आफ्रिकेतला सेवादौरा. आता तुम्ही म्हणाल, लोहगडवाडीत बसून आफ्रिकेचं काय काढलंत? तर आधी एवढंच लक्षात घ्या, की समोर जो लोहगड दिसतोय तो एके काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्या निजामशाहीचा सगळ्यात नावाजलेला कारभारी मलिक अंबर हा जन्माने इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. म्हणजे आफ्रिका आपल्याला वाटते तितकी लांब नाही.

आता सेवादौरा म्हणजे काय ते आधी बघू. आजकाल अमेरिका-युरोपातल्या, आणि काही प्रमाणात आपल्याकडच्याही चर्चमधून दहा-पंधरा जणांचा गट निघतो. आफ्रिकेतल्या एखाद्या गावी दोन-तीन आठवडे राहतो. शाळेची भिंत बांधतो, औषधं वाटतो, मुलांना गाणी शिकवतो, प्रार्थना घेतो आणि परत येतो. मनापासून केलेलं काम असतं, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न असा, की त्या गावाला त्यातून काय मिळतं? आणि हे कशावरून ओळखायचं?

याचं उत्तर शोधायला आम्ही आपल्याच महाराष्ट्रातला एक दाखला घेतोय. नाशिकला गेलात की शरणपूर रोड लागतो. रोज हजारो माणसं तिथून जातात, पण ‘शरणपूर’ हे नाव कुठून आलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. शाळा, शेती, सुतारकाम, लोहारकाम असं सगळं तिथे होतं. आणि तिथेच आफ्रिकेतल्या सोडवलेल्या मुलांसाठी एक आश्रयगृहही होतं.

ही मुलं आली कुठून? ब्रिटनने १८०७ साली गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात हा व्यापार चालूच होता. इंग्रजांची लढाऊ जहाजं गुलामांनी भरलेली गलबतं पकडत. पकडल्यावर त्या माणसांचं करायचं काय? परत सोडलं तर पुन्हा पकडून विकणार. म्हणून कित्येकांना मुंबई बंदरात उतरवलं जाई. त्यांतली काही मुलं नाशिकला पोचली. तिथे त्यांना नवी नावं मिळाली, नवा धर्म मिळाला, हाताला काम मिळालं. एक लक्षात घ्या, यातलं काहीच त्या मुलांनी मागितलेलं नव्हतं. जीव वाचला हे खरं. पण पुढचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, हेही तितकंच खरं.

आणि मग ह्याच मुलांना मिशनच्या कामासाठी परत आफ्रिकेत पाठवायला सुरुवात झाली. १८६४ साली विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघं नाशिकहून मोंबासाजवळच्या रबईला गेले. तिथे योहान क्राफ यांनी १८४६ मध्ये ठाणं उघडलं होतं, पण काम काही वाढत नव्हतं. म्हणजे बघा, महाराष्ट्रातून आफ्रिकेला निघालेल्या सुरुवातीच्या सेवापथकांपैकी हे एक, आणि ते आफ्रिकी माणसांचंच होतं.

पुढच्या वर्षी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला आले. शरणपूरची नऊ मुलं त्यांनी बरोबर घेतली आणि जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझिबारला निघाली. त्यांतल्या एकाचं नाव अब्राहम. न्यासा सरोवराच्या अलीकडच्या एका गावात त्याला त्याचे सख्खे नातेवाईक भेटले. मामा-काकाच्या नात्यातल्या माणसाने त्याला ओळखलं! आपण म्हणू, वा, गोष्ट इथे गोड संपली. पण त्याला कळलं काय, तर तो पकडला गेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी यांनाही विकण्यात आलं. नातेवाइकांनी राहा म्हणून आग्रह केला. लिव्हिंग्स्टन यांनीही राहा म्हटलं, जम बसेपर्यंत पुरेल एवढा माल द्यायची तयारी दाखवली. तो राहिला नाही. आईबहिणी नसलेल्या गावात राहून करू काय, असं त्याचं म्हणणं होतं.

मंडळी, ‘मुलांना त्यांच्या माणसांत परत नेऊ’ हे वाक्य कागदावर फार सोपं असतं. ज्याला परत न्यायचं त्याची माणसं तिथे उरली आहेत का, हे मात्र कागद सांगत नाही.

याच शाळेतला दुसरा मुलगा जेकब वेनराइट. तो याओ जमातीचा. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीतून तो १८७२ मध्ये त्यांना जाऊन मिळाला. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारले. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी त्यांचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं. दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. देह मिठात घालून, उन्हात वाळवून त्यांनी तो खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. हे अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास, आणि लागले कित्येक महिने. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता. वाटभर पुढाकार घेणारे चुमा आणि सुसी मात्र दफन उरकल्यावर इंग्लंडला पोचले.

आता यात आपल्या मावळाचा धागा कुठे, तर तो सर बार्टल फ्रियर यांच्यापाशी आहे. खाली मळवलीवरून जी रेल्वे जाते, तिचा बोरघाटातला टप्पा १८६३ साली खुला झाला तेव्हा हेच फ्रियर मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे गुलामांचा व्यापार बंद करण्याची बोलणी करायला इंग्लंडने त्यांनाच झांझिबारला धाडलं. जून १८७३ मध्ये तिथल्या सुलतानाने करार केला आणि गुलामांचा बाजार बंद झाला. मग प्रश्न आला, सोडवलेल्यांना ठेवायचं कुठे? तेव्हा शरणपूर उभारणारे प्राइसच मोंबासाला गेले आणि तिथे फ्रियरटाउन ही वसाहत बसवली. नाशिक-मुंबईकडून शंभराहून अधिक आफ्रिकी माणसं तिकडे गेली. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी लोहार. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. म्हणजे गंमत बघा, इथे ते आफ्रिकी, आणि आफ्रिकेत गेल्यावर मुंबईकर!

त्यांचं कामही सोपं नव्हतं. गोऱ्या मिशनऱ्यांशी पगारावरून, मानावरून, कुणाचं कोण ऐकणार यावरून त्यांचे खटके उडत. पण खरा कस लागला रबईत. किनाऱ्यावरच्या जमीनदारांचे गुलाम पळून रबईला आसऱ्याला येऊ लागले. पळून आलेल्यांना ठेवून घ्यायचं नाही, असं मिशनचं अधिकृत धोरण होतं, कारण गुलाम ठेवणं तिथे तोवर कायदेशीर होतं आणि मालक हल्ला करतील ही भीती होती. पण रबई बघत होते ते विल्यम जोन्स, जे स्वतः लहानपणी गुलाम होते. त्यांच्या काळात तिथे शेकडो माणसं येऊन राहिली, शेती करू लागली. १८८८ मध्ये हे सगळं उघड झालं आणि प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी इंग्रज व्यापारी कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना पैसे देऊन हजाराहून अधिक माणसांना स्वातंत्र्याचे दाखले मिळवून दिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जोन्स यांच्याकडे असं काय होतं, जे दोन आठवड्यांच्या गटाकडे नसतं? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ते राहिले. १८६४ ला गेले आणि पंचवीस वर्षांनीही तिथेच होते. दुसरी, समोरच्याचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पाठवणाऱ्या संस्थेचा नियम आणि दारात उभा माणूस यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा त्या माणसाला दारातून हाकललं गेलं नाही.

याचा अर्थ थोड्या दिवसांचे दौरे वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आठवडाभर गेला तरी शेकडो लोकांना दिसायला लागतं. विहिरीचा पंप दुरुस्त करून तिथल्याच दोघा पोरांना ते काम शिकवलं, तर ते टिकतं. पण गावात गवंडी रिकामे बसलेले असताना परदेशी पोरांनी येऊन भिंत रचायची, हे कशासाठी? विमानाच्या तिकिटाच्या पैशात गावातल्याच गवंड्याला कित्येक महिने मजुरी मिळाली असती.

आणि हे फक्त आफ्रिकेलाच लागू आहे असं नाही. लोहगडवाडीच काय, सह्याद्रीतल्या कुठल्याही वाडीत शहरातून गट जातात. वह्या वाटतात, फोटो काढतात, संध्याकाळची लोकल पकडतात. म्हणून कुठेही सेवेला निघण्याआधी चार प्रश्न विचारून बघा. आपल्याला बोलावलंय कुणी? काय करायचं हे ठरवलं कुणी? आपण गेल्यावर ते काम चालवणार कोण? आणि ज्यांच्यासाठी जातोय त्यांना ‘नको’ म्हणायची सोय आहे का?

शरणपूरच्या मुलांना ती सोय कधी मिळाली नव्हती. अब्राहमला ती आयुष्यात एकदा मिळाली, आणि त्याने ‘नाही’ म्हटलं. सेवा करायला निघालेल्याने ते ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवूनच घराबाहेर पडावं, एवढंच आमचं सांगणं.