इंग्रजीच्या तासाची सामग्री

मॉरिशसच्या विधिमंडळाची, कायद्यांची आणि शाळेतील बहुतेक पुस्तकांची भाषा इंग्रजी आहे. परंतु घरी इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी भरते. मूल आईजवळ क्रियोल बोलते, वर्तमानपत्रांतून व नभोवाणीवरून फ्रेंच त्याच्या कानी पडते, मराठीच्या तासास ते मराठी शिकते. आणि गणित, विज्ञान, भूगोल हे विषय ज्या भाषेत समजून घ्यावयाचे, ती मात्र त्यास बहुधा शाळेच्या चार भिंतींतच भेटते. 1957 च्या शिक्षणविषयक कायद्याने पहिल्या तीन इयत्तांत मुलांस सोयीची पडेल ती भाषा वापरण्याची मोकळीक ठेवली व चौथीपासून इंग्रजी हे माध्यम ठरविले. गणित येत असूनही प्रश्नच न उमगल्यामुळे कोरी राहिलेली उत्तरपत्रिका येथील शिक्षकांस नवी नाही.

रत्नागिरी, सातारा या भागांतून मुंबईमार्गे आलेल्या आपल्या पूर्वजांनी ज्या करारनाम्यांवर अंगठे उमटविले, ते त्यांतील बहुतेकांस वाचता येत नव्हते. त्यांची नातवंडे-पतवंडे बैठकांतून कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली, त्यामागे ही आठवण होतीच. तेव्हा इंग्रजीचा तास हा आपल्या समाजात निव्वळ परीक्षेचा विषय कधीच नव्हता. प्रश्न एवढाच की तो तास कशाच्या बळावर चालवावयाचा? परदेशात छापलेले रंगीत तक्ते सर्वांस परवडत नाहीत, आणि परवडले तरी त्यांवरील बर्फाचा माणूस उसाच्या शेताकाठच्या मुलास फारसे काही सांगत नाही.

पहिली सामग्री विकत आणावी लागत नाही. ती मुलाच्या तोंडीच असते. वर्गात क्रियोल शब्द निघताच पट्टी उगारण्याची रीत एके काळी सर्रास होती. 2012 पासून क्रियोल हाच प्राथमिक शाळेत एक ऐच्छिक विषय झाला, तरी इंग्रजीच्या तासास तिला दाराबाहेर ठेवण्याची सवय पुष्कळांस सुटलेली नाही. त्यात नुकसान शिक्षकाचेच आहे. ‘अ’ आणि ‘द’ यांतील भेद मराठीच्या आधारे समजावणे कठीण, कारण मराठीत तशी उपपदे नाहीत. क्रियोलमध्ये मात्र ‘एन लिव्ह’ म्हणजे कोणतेही एक पुस्तक व ‘लिव्ह ला’ म्हणजे ठाऊक असलेले पुस्तक, हा भेद मूल तीन वर्षांचे असल्यापासून अचूक पाळते. ‘ला’ शब्दामागून येते आणि ‘द’ शब्दाआधी, एवढेच त्यास नवे शिकावयाचे असते. काळांचेही तसेच. ‘मो पे मांझे’, ‘मो फिन मांझे’, ‘मो ती मांझे’ ही तीन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून शेजारी ‘आय ॲम ईटिंग’, ‘आय हॅव ईटन’, ‘आय एट’ लिहिली, तर व्याकरणाच्या पारिभाषिक संज्ञांची पाने न उलटता अर्धा तास वाचतो. पुढे क्रियेची वेळ सांगणारे शब्द जोडले असता ही जुळणी काही ठिकाणी सैल पडते. तेथे थांबून ते दाखवावे, लपवू नये.

जेथे क्रियोल वाट चुकविते, तेथे मराठी उपयोगी पडते. ‘मो एना दीझ आं’ यावरून मूल ‘आय हॅव टेन यीअर्स’ असे लिहिते. मराठीत आपण ‘मी दहा वर्षांचा आहे’ म्हणतो. फळ्यावरील तिसऱ्या रकान्यात हे वाक्य आले की ‘ॲम’ कोठून आले हे मुलाच्या आपोआप ध्यानात येते. क्रियोलमध्ये पुरुषाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, म्हणून ‘ही ईट’ अशी चूक घडते. पण ‘मी खातो, तू खातोस’ हे घोकलेल्या मुलास क्रियापद बदलू शकते हे माहीत असते. उच्चारांत तर मराठीचा तास इंग्रजीच्या तासाचे निम्मे काम करतो. क्रियोलमध्ये ‘श’ नाही, त्यामुळे ‘शिप’चे ‘सिप’ होते; शाळा, शेत, शनिवार हे शब्द म्हणावयास लावून मग ‘शिप’वर यावे. ‘थिंक’मधील ध्वनी मात्र मराठी ‘थ’ नव्हे. त्यासाठी जिभेचे टोक दातांमध्ये आणावे लागते, आणि मराठी शिक्षकांचीही येथे फसगत होते.

वाचनासाठी कोपऱ्यावरच्या तबाजीतील रिकामे डबे, पिशव्या व खोकी जमवावीत. दुधाच्या भुकटीच्या डब्यावर इंग्रजी व फ्रेंच मजकूर बहुधा शेजारी शेजारी छापलेला असतो. कोणता शब्द दोहोंत सारखा दिसतो आणि कोणता फसवितो, हा शोध मुले हौसेने घेतात. (‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान नव्हे, हे एकदा या खेळात कळले की विसरत नाही.) शब्द किती द्यावेत याचा विचार ढाका येथे शिक्षकांच्या महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी केला, 1953 साली प्रसिद्ध झालेली त्यांची सुमारे 2,000 शब्दांची यादी आजही चाळण्याजोगी आहे.

शुद्धलेखन हा कंटाळवाणा प्रकार मानला जातो, पण दोष पद्धतीचा आहे. उतारा वर्गाबाहेर भिंतीस चिकटवावा. जोडीतील एकाने धावत जाऊन एक वाक्य वाचावे, परत येऊन दुसऱ्यास सांगावे, त्याने लिहावे. मोठ्या वर्गातही हे जमते, गोंगाट होतो हे खरे. दुसरी रीत ऑस्ट्रेलियातील रूथ वाइनरिब यांनी 1990 च्या आपल्या पुस्तकात मांडली. शिक्षकाने छोटा उतारा नेहमीच्या गतीने दोनदा वाचावा, मुलांनी हाती लागतील तेवढेच शब्द टिपावेत आणि मग चौघांनी मिळून तो उतारा पुन्हा उभा करावा.

यासाठी चक्रीवादळाच्या सूचनेहून योग्य उतारा या बेटावर क्वचितच सापडेल. 1960 च्या कॅरोल वादळाच्या गोष्टी प्रत्येक घरात आजी-आजोबांकडून आल्या आहेत. सूचनेचे 1 ते 4 वर्ग व ताशी 120 किलोमीटरचे झोत हे शब्द लहानांच्याही परिचयाचे आहेत. ‘वादळ जवळ येईल’ आणि ‘वादळ जवळ येण्याचा संभव आहे’ यांतील अंतर ‘विल’ आणि ‘मे’ या दोन शब्दांत असते. चौघांपैकी एकाने ‘विल’ लिहिलेले असते, दुसऱ्याने ‘मे’. आणि मग खिडक्यांस फळ्या आताच ठोकावयाच्या की थांबावयाचे, यावर त्यांचा वाद सुरू होतो. तो प्रथम क्रियोलमध्ये होतो. होऊ द्यावा. उत्तर मात्र त्यांनी इंग्रजीत लिहून आणावे.