कर्त्या पुरुषाची नोंद

घरातला कर्ता पुरुष गेला की श्रद्धांजलीचा मजकूर लिहायला फारसा वेळ लागत नाही. ते कष्टाळू होते, देवभोळे होते, कुटुंबवत्सल होते. त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्याहूनही मागची नावे सापडतात. नावे टिकवायची सोय आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. पण तो माणूस दिवसभर नेमके काय करत होता, पहिला पगार किती होता, बहिणीच्या लग्नाचे कर्ज कधी फिटले, हे त्याच्या नातवाला बहुधा सांगता येत नाही. ज्याचे सारे आयुष्य कामात गेले, त्याची आठवण त्या कामाच्या तपशिलानेच ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. ठरावीक स्तुती केली की एका माणसाचे आयुष्य दुसऱ्यासारखेच दिसू लागते.

याचा उत्तम पुरावा मराठीतच आहे. दामोदर रुंजाजी जाधव हे नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे. गावात येसकरपाळी, म्हणजे गावकीच्या कामाची पाळी, करत असताना विहिरीतले प्रेत बाहेर काढण्याचा फौजदाराचा हुकूम त्यांनी मानला नाही, म्हणून मार खाल्ला आणि गाव सोडून मुंबई गाठली. पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केली, बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत राहिले, मुलांना शिकवले. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले की त्यांना चैन पडेना, तेव्हा मुलाने त्यांना आठवणी लिहायला सुचवले. शालेय शिक्षण बेताचे असूनही त्यांनी त्या लिहिल्या. १९८९ मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ मध्ये आले आणि पुढे अनेक भाषांत गेले. दामोदररावांना नुसते ‘निष्ठावंत’ म्हटले असते, तर त्यातून काहीच कळले नसते. हुकूम नाकारणे, मार खाणे, गाव सोडणे, मुलांची शाळा न सोडवणे, या क्रमातून त्यांच्या निष्ठेची किंमत कळते. वारकरी घरालाही हेच लागू आहे. आजोबांनी वारी चुकवली नाही, हे अभिमानाने सांगितले जाते; पण आषाढी येते ती ऐन खरिपात. त्या दिवसांत पेरणी, कोळपणी कोणी सांभाळली, उसनवारी करावी लागली का, हे विचारले तरच त्या भक्तीचा खरा आवाका समजतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. तपशिलात शिरले की दोषही निघतात, आणि गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला मात्र ही भीती वाटणार नाही. १९१९ मध्ये वारलेल्या आपल्या पतीचा, नारायण वामन टिळकांचा, तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणे, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर संसाराची झालेली ताटातूट, हे सारे लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्याने टिळकांची उंची तसूभरही कमी झाली नाही. उलट वाचकाचा जीव त्यांच्यावर जडतो, कारण समोर जिवंत माणूस उभा राहतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. कर्त्या पुरुषाच्या कौतुकात घरातली बाई झाकली जाते. हे खरे आहे, आणि त्याला कारण स्तुतीचाच मोघमपणा आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका चालवत. कोकणातल्या घरी मनीऑर्डर येई तेव्हा शेत, गुरे, सासू-सासरे आणि पोरे कामगाराची बायकोच सांभाळत असे. कामाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला घेतला की तिचे काम टाळून तो पुरा होतच नाही. जाधवांच्या पुस्तकाच्या इंग्रजी रूपात दामूबरोबर त्यांची पत्नी सोनूही स्वतःच्या तोंडून बोलते, ते योग्यच झाले.

राहिला साधेपणाचा मुद्दा; आमच्या वडिलांनी असे काय मोठे केले, असे लोक म्हणतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईतल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपाचे नेते म्हणून दत्ता सामंतांचे नाव इतिहासात राहिले, पण संपकाळात प्रत्येक घराने भाडे कसे भरले, दागिने कुठे गहाण पडले, हा इतिहास त्या घरांतच आहे. पुरावे अजून शिल्लक असतात. जुना सातबारा, सर्व्हिस बुक, पगाराची चिठ्ठी, पतपेढीचे पासबुक, मनीऑर्डरच्या पावत्या हे कागद रद्दीत घालू नका. घरातले वडीलधारे हयात असतील तर ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असे मोघम विचारू नका. कामावर किती वाजता निघायचात, डब्यात काय असे, मुकादम कोण होता, पहिल्या पगारातून घरी किती पाठवले, असे एकेक विचारा. उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या आणि शेजारी बसलेल्या आजींनाही तेच प्रश्न विचारा. येत्या पितृपक्षाची वाट पाहू नका.