यात वडे कुठायत?

काळी चौदसेच्या संध्याकाळी गुजरातेत बायका चौकात तळलेले वडे ठेवतात, भोवती पाण्याची धार सोडतात आणि मागे वळून न बघता घरी येतात. घरातली कटकट वड्यांबरोबर बाहेर गेली असं समजायचं. याला म्हणतात ‘ककळाट काढणं’. मग बेसत्या वरसाच्या पहाटे दारावर ‘सबरस’ची हाळी येते. सबरस म्हणजे मीठ, नव्या वर्षाचं शकुनाचं. वाघोडियात वाढणाऱ्या मराठी मुलांची दिवाळी ही अशी: उंबऱ्याच्या आत उटणं नि चकली, बाहेर वडे नि मीठ. हातात पडणारं दिवाळीचं पुस्तक मात्र बहुधा पुण्याकडच्या दिवाळीचं.

बडोद्यापासून वाघोडिया वीसेक किलोमीटर. जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीमुळे इथे नाना प्रांतांची बिऱ्हाडं. सुट्टीत सोसायटीत गोष्टींचा तास घेतला की सतरंजीवर निम्मी मुलं गुजराती, काही हिंदी बोलणारी, चार-पाच मराठी. पहिल्या वर्षी मी हौसेने सणाची माहिती देणारं पुस्तक नेलं. वसुबारस, धनत्रयोदशी, एकेका दिवसाला एकेक पान. नरकासुराच्या पानापर्यंत दोघं सतरंजीचे धागे उपसायला लागले होते, आणि पुढे बसलेल्या एकीने विचारलं, “यात वडे कुठायत?”

त्या पुस्तकात गोष्टच नव्हती. सणाचं पुस्तक म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे चित्रं लावलेला निबंध असतो. मुलांना हवा असतो एखादा पेच: कंदील फाटला, फटाक्यांना घाबरून कुत्रं पळालं, भाऊ आलाच नाही. सण त्याच्या मागे असला तरी पुरतो. अमेरिकेतल्या एझ्रा जॅक कीट्स यांच्या १९६२च्या ‘द स्नोई डे’ या पुस्तकात एक मुलगा नुसता बर्फात हिंडतो, सणाचं नावही नाही. पण सुट्टीचा सगळा आनंद त्यात आहे.

गोष्ट आहे का, ही पहिली परीक्षा. दुसरी चित्राची. पुस्तक उघडून कपाटावर टेकवा आणि तीन हात मागे जा. काय चाललंय ते तिथून कळलं तर ते पुस्तक घोळक्याचं. नाही तर मांडीवरचं. यात मांडीवरच्या पुस्तकाला कमी लेखायचं कारण नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मी घोळक्यात नेत नाही, कारण त्यातल्या घरातल्या वस्तूंवर बोट ठेवत, रेंगाळतच बघायला हवं. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या या लेखिका आपल्या पुस्तकांची चित्रंही स्वतःच काढतात, आणि ते पानोपानी जाणवतं.

चित्र वाचायचं असतं हे या मुलखाला शिकवायला नको. वाघोडियाहून पूर्वेला गेलं की छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींच्या घरांत भिंतीवर पिठोरा चितारलेला दिसतो. तिकडे पिठोरा काढत नाहीत, ‘लिहितात’. लिहिणारा तो लखारा, आणि बडवा, म्हणजे पुजारी, समोर उभा राहून पिठोरा वाचतो: हा घोडा कुणाचा, हा देव कोणता. मीही आता मजकूर पाठ करून जाते आणि चित्रावर बोट ठेवून सांगते. डोळे पुस्तकात अडकले की मुलं हातची जातात.

अक्षर न येणाऱ्यांपर्यंतही चित्र पोचतं, हे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. १९०६ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालयं खेड्यांत जाऊ लागली. अक्षरओळख नसलेल्यांसाठी ग्रंथालय खात्याची वेगळी शाखा गावोगाव जादूचा कंदील आणि चलच्चित्रं दाखवत हिंडायची. पुस्तकांच्या खात्याने वाचता न येणाऱ्यांचीही सोय बघावी, हे मला आजही मोठं वाटतं.

पेटीचं काम आता थोडंफार फोन करतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून चित्रपुस्तकं फुकट मिळतात, एकच गोष्ट मराठीत नि गुजरातीतही सापडते. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची पुस्तकंही दोन्ही भाषांत निघतात. मिश्र घोळक्यात मी एक पान मराठीत सांगते, पुढचं एखाद्या गुजराती ताईकडून वाचून घेते. फक्त छापलेली प्रत बरोबर हवी. फोनच्या पडद्यावर तीन हातांची परीक्षा कुठलंच चित्र पास होत नाही.

गेल्या दिवाळीत एक बिनशब्दांचं पुस्तक नेलं. दोन भावंडांचं भांडण, बस्स. मुलांनीच संवाद रचले, तीन भाषांत, एकमेकांवर ओरडून. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कोपऱ्यात मुलांचा मातीचा किल्ला बघायला गेले. अळीव उगवलं होतं, शिवाजी महाराज गडावर, मावळे आपापल्या जागी. महादरवाज्याबाहेर मातीचे दोन इवलेसे वडे, भोवती पाण्याचं ओलं कडं.

“मावळे फार भांडतात,” वड्यांचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी म्हणाली.