घातांक : बेरीज केव्हां, गुणाकार केव्हां?

घातांकांच्या पदावल्या सोप्या करतांना विद्यार्थी एका जागीं हमखास अडखळतो. अ-वर्गास अ-घनानें गुणिलें तर पांचवा घात येतो कीं सहावा? दोन आणि तीन यांची बेरीज करावयाची कीं गुणाकार, हें त्यानें पाठांतरावर सोडलेलें असतें; आणि पाठांतर ऐन परीक्षेंत दगा देतें.

या शंकेचें उत्तर आपल्या जुन्या परिभाषेंतच आहे. ‘घात’ म्हणजे गुणाकार. पांचव्या घातास जुने गणिती ‘वर्गघनघात’ म्हणत, म्हणजे वर्ग व घन यांचा गुणाकार. सहाव्यास ‘घनवर्ग’, म्हणजे घनाचा वर्ग. पहिल्यांत दोन अ आणि तीन अ शेजारीं येतात, म्हणून पांच. दुसऱ्यांत तीन-तीन अ च्या दोन ओळी, म्हणून सहा. सातव्याचें ‘वर्गवर्गघनघात’ हें नांव उच्चारतांना दम लागतो खरा, ब्रह्मगुप्ताचीं (इ. स. ६२८) ‘पंचगत’, ‘षड्गत’ हीं नांवें अधिक सुटसुटीत. अक्षराच्या खांद्यावर अंक बसविण्याची आजची रीत देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या १६३७ च्या ग्रंथानें रूढ केली. लेखन आटोपशीर झालें. मात्र नांवांत दिसणारें कारण दृष्टीआड गेलें.

येथें फळा नाहीं, तेव्हां कागद घ्यावा. ‘दोन अ-वर्ग ब’ हें पद कंसांत लिहून त्याचा घन करा. त्यास अ च्या चौथ्या घातानें गुणा. मग ‘चार, अ चा पांचवा घात, ब-घन’ यांच्या गुणाकारानें भागा. अ किंवा ब शून्य नाहीं, असें धरूं.

कंसाचा घन म्हणजे आंतील प्रत्येकाचा घन. दोहोंचा घन आठ (येथें सहा लिहिणारे पुष्कळ!), अ चा सहावा घात, आणि ब-घन. चौथ्या घातानें गुणतां अ चा दहावा घात झाला. पांचव्यानें भागतां पांचवा उरला. आठास चारांनीं भागून दोन. राहिला ब-घनास ब-घनानें भाग. तिनांतून तीन गेले, घातांक शून्य. पण कोणत्याही संख्येस तिनेंच भागिलें तर एक येतो. म्हणून ब चा शून्य घात एक, शून्य नव्हे. उत्तर दोन गुणिले अ चा पांचवा घात.

आतां अ-वर्गास अ च्या पांचव्या घातानें भागून पाहा. वरचे दोन्ही अ खपतात, खालीं तीन उरतात. दोनांतून पांच वजा केल्यास उणे तीन. उणे घातांकाचा अर्थ तो एवढाच.