फियाट वॅगनच्या बॉनेटखालची निसान

जुन्या फियाट स्टेशन वॅगनला ‘११८’चं इंजिन बसवायचंय, असं कुणी म्हटलं की आमच्या गॅरेजातले मिस्त्री इंजिनाबद्दल काहीच विचारत नसत. ‘पुढे मधे कोण बसतं?’ एवढाच त्यांचा सवाल. गिऱ्हाईक गोंधळायचं.

सवाल मात्र रास्त होता. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट ११०० ला १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढे बाकासारखी सलग सीट. वॅगन त्यातलीच, फक्त मागे छत लांबवलेलं. माणसं आणि बोजा भरून खंबाटकी चढायची तर ड्रायव्हरचा जीव टांगणीला. पुढे १९८५ मध्ये त्याच प्रीमियरने ११८ एनई आणली. सांगाडा फियाट १२४ चा, इंजिन मात्र निसानचं, ११७१ सीसी. इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्यात मिळायची. घराण्यातलंच इंजिन म्हणून लोकांना ते सोपं वाटे.

१९७२ ची एक वॅगन अशीच आली. फाउंडेशनचे नवे ब्रॅकेट झाले, सम्प पुढच्या क्रॉसमेंबरला घासत नाही ना, एक्झॉस्ट स्टिअरिंग बॉक्सला टेकत नाही ना, हे पाहून झालं. मिस्त्रींच्या हिशेबी हे पोरांचं काम. खरी अडचण पुढेच होती. नव्या गिअरबॉक्सचा दांडा जमिनीतून वर येतो, म्हणजे बरोबर मधल्या माणसाच्या पायांत. मालक म्हणाले, सीट कापा, दोन वेगळ्या करा. तेवढ्यात त्यांच्या आई गाडीतून उतरल्या.

‘अहो मिस्त्री, या सीटवर माझी तिन्ही पोरं एका रांगेत बसून पंढरपूरला गेलीयत. कापायची नाही.’

‘आई, मग गिअर कुठून टाकायचा?’

‘ते तुम्ही बघा. पैसे तुम्ही घेताय.’

मिस्त्रींनी वाद घातला नाही. दांडा काढला, गॅसवर लाल केला आणि डॅशबोर्डच्या बाजूला असा काही वाकवला की सीटला धक्का लागेना. दुसरा आणि चौथा टाकताना मूठ सीटच्या कडेला अलगद टेकायची, तेवढंच. वर मालकांना ऐकवलं, ‘शेवटच्या पद्मिनीला कंपनीनेच जमिनीतला गिअर दिला, पण सीटही वेगळ्या केल्या. त्यांना आई नव्हत्या.’

मग प्रोपेलर शाफ्ट. नवा गिअरबॉक्स जुन्याच्या मापाचा नाही, म्हणून शाफ्ट कापून पुन्हा जोडून आणला. साठच्या पुढे गाडी अशी थरथरायला लागली की मागच्या काचा वाजत. लेथवाला म्हणे बॅलन्स करून दिलाय, मालक म्हणे इंजिनच खराब. मिस्त्री गाडीखाली गेले, टॉर्च मारली आणि हसत बाहेर आले. वेल्डिंग करताना शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवलेच नव्हते. तसे ठेवले नाहीत तर एका क्रॉसने दिलेला झटका दुसरा मारत नाही, उलट वाढवतो. शाफ्ट परत लेथवर गेला.

ब्रेकची कथा कोणी रंगवून सांगत नाही, कारण तिथे फक्त खर्च असतो. ११८ ला पुढे डिस्क ब्रेक होते, ११०० ला चारही चाकांना ड्रम. ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवणारे हौशी मी बरेच पाहिले आणि त्यांच्या शेजारी बसायचं टाळलं.

कागदांचं नाव काढलं की मिस्त्री चहाला निघून जायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. दोन्ही इंजिनं एकाच कंपनीने विकली, हा युक्तिवाद तिथे चालेलच असं नाही. त्यात २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर देऊ केला, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. १९७२ ची ती वॅगन आज वयात बसते, इंजिनात बसत नाही.

तेव्हा तुमच्याकडे अशी वॅगन असेल आणि हात शिवशिवत असतील, तर आधी आरटीओत विचारा, मग कटर उचला. काढलेलं १०८९ चं इंजिन गिअरबॉक्ससकट तेल भरून, तोंडं बंद करून ठेवा. भंगारवाला त्याचे जे देईल, तेवढ्यात पुढे त्याचा कार्ब्युरेटरही मिळणार नाही.